स्नोमोबाईलच्या पुढच्या शॉकमधून (धक्के झेलणाऱ्या शॉक अॅब्झॉर्बरमधून) तेल गळतंय. घरीच काढून सील बदलता येईल का?

येईल. काढण्यात काही विशेष नाही. पुढचा भाग उचलून स्टँडवर घ्या, स्की अधांतरी लोंबल्या की शॉकवरचा भार जातो आणि दोन्ही बोल्ट सहज निघतात.

पण सील किट मागवण्याआधी रॉड, म्हणजे सीलमधून आत-बाहेर सरकणारा दांडा, स्वच्छ पुसा आणि त्यावरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत, सगळ्या बाजूंनी फिरवा. नुसतं डोळ्यांनी बघून चालणार नाही.

मी आणि दादाने आमचे दोन्ही शॉक एकाच दिवशी उघडले होते. डाव्याच्या रॉडवर, सील जिथे सतत घासतं तिथेच, तिळापेक्षा लहान खाच होती. दिसायला नुसता ठिपका, पण नख दर वेळी तिथेच अडायचं. मी म्हटलं, रॉड बदलू. दादा म्हणाला, "एवढ्याशाने काय होतंय? नवीन सील धरेल." हत्यारं त्याची, अनुभव त्याचा, मी गप्प बसलो. बाकी काम चोख झालं. शिम (पिस्टनवरच्या पातळ गोल चकत्या) काढल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवल्या, तेल नवीन, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू वरखाली केला.

तिसऱ्याच राईडला डावा रॉड पुन्हा ओला. उघडलं तर नव्या सीलच्या ओठाला बरोबर खाचेच्या रेषेत चीर. स्की प्रत्येक खड्ड्यात आदळली की ती खाच सीलवरून करवतीसारखी फिरत होती. दादा अजून म्हणतो, सीलच खराब निघालं. मग त्याच किटमधलं दुसरं सील उजव्या शॉकमध्ये आजही कोरडं कसं? यावर त्याने कधी उत्तर दिलेलं नाही.

तेव्हा नख अडलं तर रॉड बदलाच. अपवाद एकच, नुसती कडा वर आली असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने बसते. खड्डा असेल तर त्यावर इलाज नाही. आणि गळती एकाच बाजूला असली तरी दोन्ही शॉक एकदमच करा. एकीकडे ताजं तेल आणि दुसरीकडे दमलेलं, असं असेल तर दोन्ही स्की सारख्या दबत नाहीत.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात वर लिहायला हवी होती: गॅसचा शॉक असेल तर व्हॉल्व्हमधून सगळा गॅस सोडल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. आत बहुधा २०० पीएसआयच्या आसपास दाबाचा नायट्रोजन असतो, झाकण गोळीसारखं सुटतं. परत भरताना साधी हवा नको, तिच्यात दमटपणा असतो. ज्याच्याकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर आहे त्याच्याकडूनच भरून घ्या. तरंगत्या पिस्टनची (तेल आणि गॅस वेगळे ठेवणाऱ्या) खोली मॅन्युअलमध्ये असते, ती अंदाजाने ठेवू नका. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवे लावा. आणि तुमच्या शॉकची बॉडी कारखान्यातच दाबून बंद केलेली असेल तर यातलं काहीच लागू नाही, तो उघडतच नाही.

आमचा डावा शॉक नवा रॉड घातल्यावरच कोरडा झाला. सील त्याच कंपनीचं होतं.