उबंटू लिनक्स अपडेट केलं की सिस्टिमच्या फाइलमधले माझे बदल उडतात. फाइल रीड-ओन्ली केली तरी तेच. काय करावं?

साक्रीला माझं डीटीपीचं आणि छपाईचं दुकान आहे. तुमचं झालं तसंच माझंही झालंय, तेही ऐन लग्नसराईत.

मराठी कीबोर्डच्या फाइलमध्ये मी उजव्या ऑल्टसोबतच्या एका कळीवर ‘ॲ’ बसवला होता. लग्नपत्रिकेच्या निमंत्रकांत एखादा ‘ॲड.’ असतोच. युनिकोडमध्ये हे अक्षर स्वतंत्रपणे २००८ साली आलं. ते नसेल तर ‘अ’पुढे चंद्र टाकावा लागतो, आणि काही फाँटमध्ये त्या चंद्राखाली टिंबांचं गोल उमटतं. रविवारी अपडेट केलं, सोमवारी कळ मुकी. दुकानातल्या पोऱ्याने जुन्या पद्धतीने टाइप केलं, प्रूफ मी घाईत पाहिलं. ४०० पत्रिका छापून झाल्यावर नवरदेवाचे मामा पत्रिका डोळ्यांजवळ धरून विचारतात, “भाऊ, आठे हाई गोल गोल काय शे?” कागद माझ्या पदरचा गेला.

रीड-ओन्लीचं आधी सांगतो. अपडेट रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून चालतं, आणि ते जुन्या फाइलमध्ये काही लिहीतच नाही. नवी फाइल शेजारी आणून ठेवतं आणि नाव बदलून जुन्याच्या जागी बसवतं. जुन्या फाइलवर कसली परवानगी आहे हे विचारतो कोण? काही जण ‘चॅटर’ या कमांडने फाइल इम्युटेबल, म्हणजे कुणालाच बदलता येणार नाही अशी, करायला सांगतात. मीही केली. मग अपडेट त्या पॅकेजवर, म्हणजे ती फाइल ज्या गठ्ठ्यातून येते त्यावर, एरर देऊन अडून बसलं. त्या वाटेला जाऊ नका.

खरा प्रश्न फाइल कुठे आहे हा. ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरमधल्या बहुतेक फाइली तुमच्या समजल्या जातात. पॅकेजने दिलेल्या मूळ फाइलची खूण डीपीकेजीकडे, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामकडे, नोंदलेली असते. तुम्हीही फाइल बदललीत आणि नव्या आवृत्तीतही ती बदलली, असं दोन्ही झालं तरच ते थांबून कोणती ठेवू असं विचारतं. तिथे नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाइल राहते आणि नवी नावापुढे ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटी लागून बाजूला पडते. ‘वाय’ दाबलंत तर तुमची ‘डीपीकेजी-ओल्ड’ होते. म्हणजे घाईत ‘वाय’ दाबलं असेल तर हळहळण्याआधी ती शेपटी शोधा.

‘यूएसआर’ हे प्रोग्रामांचं फोल्डर मात्र पॅकेजचं. तिथे विचारणं नाही, थेट नांगर. म्हणून शक्य तिथे तिथली फाइल उघडायचीच नाही. सिस्टमडीच्या (मागे चालणारे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेत बदल हवा असेल तर ‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही कमांड आणि पुढे सेवेचं नाव. तुमच्या चार ओळी ‘ईटीसी’त वेगळ्या फाइलमध्ये जातात, मूळ फाइल खुशाल बदलू दे. फक्त ‘एक्झेकस्टार्ट’, म्हणजे सेवा कोणत्या कमांडने सुरू होते ती ओळ, बदलायची असेल तर आधी ती ओळ रिकामी लिहायची, मग खाली नवी. मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली आहे. लॅपटॉपचं झाकण लावल्यावर मशीन झोपू नये हे सेटिंगही असंच, ‘लॉगिनडी-कॉन्फ-डी’ फोल्डरमध्ये दोन ओळींची फाइल ठेवून होतं.

कीबोर्डची गोष्ट अडचणीची, कारण भारतीय लिप्यांचे कीबोर्ड ‘इन’ नावाच्या एकाच फाइलमध्ये आणि ती ‘यूएसआर’मध्ये. अशा वेळी ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’ ही कमांड. आमच्या पांझरा नदीवर फड पद्धतीचे (सामुदायिक सिंचनाचे) जुने बंधारे आहेत. तिथे कोणी पाण्याशी भांडत नाही, पाट काढून ते वळवतात. हेही तसंच. या पॅकेजची ही फाइल आली की ‘डिस्ट्रिब’ शेपूट लावून शेजारी ठेव, असं डीपीकेजीला एकदाच सांगून ठेवायचं. आपली बदललेली फाइल आधी होम फोल्डरमध्ये कॉपी करा, मग ‘रिनेम’ पर्यायासकट डायव्हर्ट चालवा, मग आपली फाइल मूळ नावाने परत ठेवा. शेवटची पायरी राहिली तर ‘इन’ फाइलच नसते. आणि हे लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या) फाइलींवर करू नका, तिथे भलतंच काही लिंक होऊन बसतं.

याची किंमत आहे. माझी ‘इन’ फाइल गोठली. २२.०४ वरून २४.०४ वर गेलो तेव्हा बदल टिकला, पण नव्या दुरुस्त्या सगळ्या ‘डिस्ट्रिब’मध्ये जाऊन बसल्या. म्हणून मोठ्या अपडेटनंतर दोन्ही फाइली ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून बघतो. पडद्यावर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था, वेलँड, वापरत असाल तर होम फोल्डरच्या ‘कॉन्फिग’मध्ये ‘एक्सकेबी’ फोल्डर करून तिथे आपला लेआउट ठेवता येतो, मग डायव्हर्टचीही गरज नाही. एक्स-इलेव्हन या जुन्या व्यवस्थेवर ते चालत नाही, आणि माझा दुकानातला जुना पीसी अजून त्यावरच आहे.

‘ॲप्ट’ म्हणजे अपडेट करणारा प्रोग्राम; त्याच्या ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने अख्खं पॅकेज रोखता येतं, पण मग त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. चार दिवसांची सोय म्हणून ठीक. त्यापेक्षा ‘ईटीसीकीपर’ टाकून ठेवा. ते प्रत्येक ॲप्टच्या आधी आणि नंतर ‘ईटीसी’ची गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नोंद करतं, काय बदललं ते दिसतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना हाच प्रकार ‘आरपीएमन्यू’ आणि ‘आरपीएमसेव्ह’ शेपट्यांनी भेटेल.

तुमची नेमकी कोणती फाइल उडते हे प्रश्नात नाही. तिचा पूर्ण पत्ता आणि उबंटूची आवृत्ती खाली लिहा, म्हणजे डायव्हर्ट लागेल की दोन ओळींत भागेल ते सांगतो.