साटाच्या दीड गिगाबिटला ८ ने भागू नका

तुम्ही विचारलंय की जुनी ८० जीबीची डिस्क अल्ट्रा एटीए/१०० ची (म्हणजे रुंद रिबन केबलवरची, आयडीई) आहे आणि नवी साटा (बारीक सीरियल केबलवरची) दीड गिगाबिटची. १५०० मेगाबिटला ८ ने भागलं की सेकंदाला १८७.५ मेगाबाइट येतात, मग वेग जवळपास दुप्पट धरायचा का, आणि कॉपीला किती वेळ लागेल?

दुप्पट धरू नका. १८७.५ मेगाबाइट साटावरून कधीच येत नाहीत. दीड गिगाबिटचे होतात १५०, कारण भागायचं १० ने. हे ठासून सांगतोय, कारण याच १८७.५ वरून एका ऑफिसात मला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

तिथे जुन्या मशीनमधल्या आयडीई डिस्कवरचा सगळा डेटा नव्या साटा डिस्कवर न्यायचा होता. मदरबोर्डवर साटा नव्हतं म्हणून पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्डं लावायच्या खाचांत) साटाची कार्डं बसवली. आमच्या वरिष्ठांनी १५०० भागिले ८ करून वेळापत्रक आखलं आणि वर कळवूनही टाकलं. मी तेव्हाच म्हणालो होतो की साटाच्या तारेवर प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट जातात. वेगळी क्लॉकची तार नसते, त्यामुळे समोरच्या टोकाला येणाऱ्या बिटांमधूनच ठेका पकडावा लागतो. सलग शून्यं किंवा सलग एक आले तर तो सुटेल, म्हणून ती दोन जादा बिटं. तुमच्या फाइलचं त्यांत काहीही नसतं. शिवाय साधा पीसीआय ३२ बिटांचा आणि ३३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सगळ्या कार्डांत मिळून १३३ मेगाबाइट. त्यातून १८७ काढणार कुठून? त्यांचं उत्तर होतं, ‘बॉक्सवर दीड गिगाबिट छापलंय ना?’

कॉपी सुरू केली तर एका मशीनवर वेग ३-४ मेगाबाइटच्या वर जाईना. माउसचा बाण अडखळत सरकत होता. वरिष्ठांनी लगेच निकाल दिला: कार्ड डुप्लिकेट आहे, परत करा. माउस अडखळतोय म्हटल्यावर माझा संशय जुन्या डिस्कवर गेला. पीआयओ या जुन्या, संथ मोडमध्ये डेटाचा प्रत्येक शब्द (दोन बाइट) प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, म्हणून सगळं मशीन जड होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तर तिथे सरळ ‘पीआयओ मोड’ लिहिलेलं. कॅबिनेट उघडलं. ८० तारांची रिबन केबल डिस्कच्या पिंजऱ्याच्या पत्र्याखाली दबली होती आणि कडेच्या तारांवरचं प्लास्टिक सोलून आत तांबं दिसत होतं. विंडोज एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर एकूण सहा टाइमआउट किंवा सीआरसी चुका (वाटेत डेटा बिघडल्याच्या) झाल्या की मोड एकेक पायरी खाली आणतो, आणि चुका चालूच राहिल्या तर शेवटी पीआयओवर नेऊन ठेवतो. नुसती केबल बदलून तो वर येत नाही. मी केबल बदलली, चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं, मोड ५ (अल्ट्रा एटीए/१०० चा पूर्ण वेगाचा मोड) परत आला आणि त्याच ‘डुप्लिकेट’ कार्डावर कॉपी ४० च्या पुढे गेली. त्याहून जास्त जुनी डिस्कच देत नव्हती. तरीही बैठकीत ‘उरलेला वेग कार्डाने खाल्ला’ असंच सांगितलं गेलं. वेग कोणी खाल्ला नव्हता, तो आकडाच चुकीचा होता.

आता आयडीईचं. तिथे भागाकार करायचाच नाही, कारण छापलेला आकडा मेगाबाइटमध्येच असतो. केबल १६ बिटांची, म्हणजे एका खेपेला २ बाइट. मोड ५ चं आवर्तन ४० नॅनोसेकंदांचं आणि त्यात दोन खेपा, म्हणजे ४० नॅनोसेकंदांत ४ बाइट, अर्थात सेकंदाला १०० मेगाबाइट. मोड २ चं आवर्तन १२० नॅनोसेकंदांचं, म्हणून ३३. ४० तारांच्या केबलवर मोड २ च्या वर जाताच येत नाही, हे आधी बघा. स्कझीचंही (सर्व्हरमधल्या डिस्कच्या जोडणीचंही) तसंच: अल्ट्रा १६० म्हणजे १६० मेगाबाइट. यूएसबी २ चे ४८० मेगाबिट मात्र ८ नेच भागायचे. ६० येतात, पण पॅकेटांचा खर्च वजा जाता बल्क ट्रान्सफरची (डिस्कसारखा मोठा डेटा नेण्याच्या पद्धतीची) कागदावरची कमाल ५३ च्या आसपास आणि प्रत्यक्षात ३०-३५ मिळाले तरी पुष्कळ.

तुमच्या कॉपीचा वेळ जुन्या डिस्कच्या वाचण्यावर ठरेल, साटावर नाही. ४० धरले तर ८० जीबीला साधारण ३५ मिनिटं, पीआयओत अडकलात तर साडेपाच तास. बारीक फाइली हजारोंनी असतील तर दोन्ही अंदाज सोडून द्या.

एक राहिलं. ‘सीरियल दिसलं की १० ने भागा’ असा नियम करून ठेवू नका. फायरवायर ८०० (बाहेरच्या डिस्क, कॅमेरे जोडायची सीरियल जोडणी) मध्येही ८ चे १० होतात, पण तिथे सांगितला जाणारा ७८६ मेगाबिटचा आकडा ती जादा बिटं वगळूनच असतो, त्यामुळे तो ८ ने भागायचा. आणि विंडोज १०,४८,५७६ बाइटांना एक एमबी म्हणतं, त्यामुळे साटाचे पूर्ण १५० मिळाले तरी स्क्रीनवर १४३ दिसतील. ते बघून कार्ड परत करायला जाऊ नका, आणि कोणी करायला सांगितलं तर आधी त्यांना कॅबिनेट उघडून केबल दाखवायला सांगा.