समोर मित्र असेल तेव्हा

आपल्या सोलापूरच्या अभ्यासमंडळात रासायनिक शस्त्रबंदी करारावरच्या चर्चेत यंदा तुझ्याकडे ब्रिटनची बाजू आलीय. समोर अमेरिका, म्हणजे आपलंच माणूस, असं समजून गाफील राहू नकोस. विरोधकाशी भांडणं सोपं असतं, घाम फुटतो तो मित्राला नाही म्हणताना.

सगळी मेख तपासणीत आहे. १९८४ मध्ये जिनिव्हात अमेरिकेनेच ‘कुठेही, कधीही’ तपासणीचा मसुदा मांडला. आपल्याच गुप्त आवारात परके निरीक्षक शिरणार म्हटल्यावर १९९१ पर्यंत तिनेच पाय मागे घेतला. ब्रिटनने तोवर स्वतःच्या लष्करी तळांवर तालमी करून पाहिल्या होत्या: नाजूक उपकरणं झाकायची, पण शंका फिटेल इतकं दाखवायचं. १९९३ च्या करारात हीच तडजोड उतरली. कलम ९ तोंडपाठ कर. एका देशाने दुसऱ्यावर संशय घेऊन मागितलेली तपासणी रोखायला करार राबवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी परिषदेची तीन-चतुर्थांश मतं लागतात, तीही १२ तासांत. अशी तपासणी आजवर एकदाही झालेली नाही, हे समोरचा तोंडावर फेकणारच. उत्तर तयार ठेव.

करारातल्या रसायनांच्या याद्या रटाळ आहेत, पण थायोडायग्लायकॉल बघच. कापडछपाईत चालतं, बॉलपेनच्या शाईत चालतं आणि त्यापासूनच मस्टर्ड गॅसही बनतो. नोंदी आणि तपासण्यांवर कारखानदार का कुरकुरतात, हे चादरी-टॉवेलच्या गावात वेगळं सांगायला नको.

अश्रुधुराच्या वादात अडकू नकोस. युद्धतंत्र म्हणून त्याला बंदी आहे, अमेरिका काही प्रसंग वगळते. मतभेद नोंदव, पुढे सरक.

आणि कराराची छापील प्रत आण. मोबाइलवर कलम शोधेपर्यंत अध्यक्ष पुढच्याला बोलायला देतात.