एकट्याने लांबच्या प्रवासाला निघताना

साताऱ्याहून मोटारसायकलने एकट्याने कन्याकुमारी गाठण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. मात्र पहिल्या दिवशी ३०० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठरवू नका, कारण बहुतेक नवखे येथेच चुकतात. महामार्ग ४८ वर कऱ्हाड मागे पडले की मन भरकटू लागते आणि एकटेपणात सुचणारे विचार इतके गोड असतात की पुढच्या ट्रकचा ब्रेकलाइट उशिरा दिसतो. पेठ नाक्याजवळ, एका जुन्या भांडणाचे उत्तर मनात जुळवताना, मी स्वतः खडीवर घसरलो होतो. (उत्तर मात्र फर्मास होते.) म्हणून दर दीड तासाने थांबा, हेल्मेट काढा, सुचलेले चार शब्द खिशातल्या वहीत उतरवा आणि इंजिन बंद करून चेनचा ढिलेपणा पाहा. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठा. बाकी तांत्रिक गोष्टी परतल्यावर बोलू.