‘टेल’ने दिलेली सेटिंग टिकत का नाही?

प्रश्न : सेफ (अनेक सर्व्हरवर मिळून डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरवर ‘टेल’ कमांड वापरून बॅकफिलची, म्हणजे एका वेळी डिस्कांमध्ये डेटा हलवण्याच्या कामांची, मर्यादा वाढवली. ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा प्रोसेस) रीस्टार्ट होताच आकडा पुन्हा जुनाच. असं का?

उत्तर : ‘टेल’ने बदल होतो तो फक्त चालू प्रोसेसच्या मेमरीत. टिकवायचा तर ‘सेफ कॉन्फिग सेट ओएसडी ओएसडी_मॅक्स_बॅकफिल्स 2’ द्या. 2018च्या मिमिक आवृत्तीपासून असा बदल मॉनिटरच्या (क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या) डेटाबेसात राहतो. मग प्रत्यक्षात चालू असलेला आकडा दाखवणारं ‘सेफ कॉन्फिग शो ओएसडी.3’ बघाच. डेटाबेसातला आकडा दाखवणाऱ्या नुसत्या ‘कॉन्फिग गेट’वर मी विसंबत नाही, कारण नोडवरच्या सेफ.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये जुनी ओळ राहिली असेल तर तीच वरचढ ठरते. खरी मेख पुढेच आहे : क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक शेड्यूलर (ओएसडीची कामं कोणत्या क्रमानं आणि वेगानं करायची ते ठरवणारा) डिफॉल्ट आहे आणि तो तुमचा आकडा जुमानत नाही. आधी ‘ओएसडी_एमक्लॉक_ओव्हरराइड_रिकव्हरी_सेटिंग्ज’ ट्रू करा. आणि भर कामाच्या वेळी मर्यादा एकदम दहावर नेऊ नका. फोन खणखणायला लागतात.