एका केबल मोडेमवर तीन कॉम्प्युटर : स्विच नको, राऊटर लावा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की वडगावात घर आहे, मागे मागाची शेड आहे, तिथेही इंटरनेट आणि कॅमेरा हवाय, आणि घरात केबलवाल्याचं इंटरनेट आहे. मोडेमला स्विच लावून वडिलांचा टॅलीचा डेस्कटॉप, मुलीचा लॅपटॉप आणि भावाचं लिनक्सचं मशीन जोडलंत, पण एका वेळी एकच चालतो. कधी लॅपटॉप चालतो, कधी डेस्कटॉप, आणि हा बदल लाईट जाऊन आल्यावरच होतो. हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, सगळं कारण त्यातच आहे.

घरगुती कनेक्शनला केबलवाला साधारणपणे एकच आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देतो. मोडेम सुरू झाला की त्याला जो पहिला कॉम्प्युटर दिसतो, त्याच्या लॅन कार्डाचा मॅक ॲड्रेस (त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) तो धरून ठेवतो आणि पुढे त्यालाच ओळखतो. बाकीच्यांनी कितीही मागितलं तरी उत्तर मिळत नाही. पहिल्याची वायर काढून दुसऱ्याला लावली तरी फरक पडत नाही, कारण मोडेम बंदच झालेला नसतो. लाईट गेली की मोडेम विसरतो, आणि परत आल्यावर ज्याची मागणी आधी पोचते त्याचं इंटरनेट सुरू होतं. यात विंडोज की लिनक्स हा प्रश्नच नाही. स्विच फक्त वायरी एकत्र करतो, पत्ते वाटणं हे त्याचं कामच नव्हे.

पत्ते वाटतो तो राऊटर. बाहेरचा एक ॲड्रेस तो स्वतः घेतो आणि घरातल्या प्रत्येक मशीनला 192.168 ने सुरू होणारा खाजगी ॲड्रेस देतो. मोडेमच्या दृष्टीने मग घरात एकच यंत्र उरतं. स्विच फेकू नका, राऊटरची भोकं कमी पडली की तो राऊटरच्या पुढे लावता येतो.

जोडताना क्रम पाळा, निम्म्या तक्रारी क्रम चुकल्यामुळे असतात. मोडेमची पिन काढा. तो इन्व्हर्टरवर असेल तर लाईट गेली तरी बंद होत नाही, म्हणून पिन हातानेच काढायची. मोडेमची लॅन वायर राऊटरच्या वॅन (WAN, बाहेरच्या इंटरनेटसाठीचं) लिहिलेल्या भोकात घाला. ते बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं. आता फक्त मोडेम सुरू करा, ऑनलाईनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, मग राऊटर आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. एवढं करूनही राऊटरला बाहेरचा ॲड्रेस मिळाला नाही, तर केबलवाल्याने त्याच्याकडे जुन्या कॉम्प्युटरचा मॅक नोंदवला असेल. त्याला फोन करून राऊटरचा मॅक सांगा, किंवा राऊटरच्या सेटिंगमध्ये मॅक क्लोन (दुसऱ्याचा मॅक आपला म्हणून दाखवणं) असतं तिथे डेस्कटॉपचा मॅक भरा.

तुमच्या मोडेमला एकच लॅनचं भोक आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून हे सगळं. ज्यांच्या डब्याला चार भोकं आणि वायफाय आहे, त्यांच्याकडे राऊटर आतच असतो. त्यांनी दुसरा राऊटर जोडताना तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवतो, नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीत दिसत नाही.

टॅलीच्या मशीनकडे आधी बघा. हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरवर कुणीतरी कधीतरी आयपी हाताने भरून ठेवलेला असतो. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो ऑटोमॅटिक करा. नंतर विंडोजवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग (ipconfig) आणि लिनक्सवर टर्मिनलमध्ये आयपी ॲडर (ip addr) ही कमांड चालवा. 192.168 दिसलं तर मशीन राऊटरशी बोलतंय. 169.254 दिसलं तर ॲड्रेस मिळालेलाच नाही, म्हणजे वायर किंवा भोक तपासा. भावाच्या मशीनवरून टॅलीचा डेटा उघडायचा असेल, तर राऊटरमध्येच डेस्कटॉपसाठी एक ॲड्रेस राखून ठेवा, म्हणजे तो रोज बदलणार नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. त्या डेस्कटॉपवर विंडोज 7 आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याची सुरक्षा अपडेट जानेवारी 2020 पासून बंद आहेत. असं मशीन थेट मोडेमला लावलं की बाहेरचं जग आणि घरचा हिशेब यांच्यामध्ये फारसं काही राहत नाही. राऊटर बाहेरून न मागता आलेलं कनेक्शन आत सोडत नाही. निदान एवढी आड तरी हवीच. पूर्ण संरक्षण मात्र ते नव्हे, त्यामुळे पेन ड्राइव्हवर बॅकअप घेत चला.

आता शेडचा विषय, आणि इथे घाई करू नका. लॅनची तांब्याची वायर 100 मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची अडचण नाही. वायर चारही जोड्यांची कॅट 5ई किंवा कॅट 6 घ्या. दोनच जोड्यांची स्वस्त वायर 100 एमबीपीएसच्या वर जात नाही. मागाच्या मोटरच्या वायरींना चिकटवून ती नेऊ नका. पण खरी भीती वेगळी आहे. शेडला वेगळा मीटर आणि वेगळं अर्थिंग आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर असेल आणि जवळपास वीज पडली, तर दोन्ही अर्थिंगमधल्या विजेच्या दाबाचा फरक त्या वायरीतून वाट काढतो आणि दोन्हीकडची लॅन कार्डं जळू शकतात. म्हणून शेडपर्यंत फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर लॅनच्या वायरीला जोडणारा छोटा डबा, लावा. फायबरमधून करंट जात नाही. लोखंडी तार असलेली फायबर घेऊ नका, तिने तोच धोका परत येतो. खर्च थोडा वाढेल, पण हा खर्च करावाच असं माझं स्पष्ट मत आहे. ढग गडगडू लागले की मोडेमची पिन आणि टीव्हीसारखी स्क्रूची काळी केबल, दोन्ही काढा. वीज त्या केबलमधूनही येते.

मुलीच्या लॅपटॉपला वायफाय पुरे. घराच्या जुन्या जाड भिंतीतून वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा नीट जात नाही, तेव्हा लांबच्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्झचा वापरा. वेग कमी मिळेल, पण कनेक्शन टिकेल.

राऊटर लावलात की त्याच्या स्टेटस पानावर वॅनचा ॲड्रेस काय दिसतो त्याचे पहिले दोन आकडे इथे लिहा. 100.64 ते 100.127 मधलं काही असेल, तर केबलवाल्याने बाहेरचा एकच ॲड्रेस अनेक घरांत वाटलाय, आणि शेडचा कॅमेरा मोबाइलवर बाहेरून थेट दिसणार नाही, त्याची वेगळी सोय कशी करायची ते मग सांगतो.