३ पॉइंटची आघाडी, १०.८ सेकंद आणि न वाजलेली शिट्टी

तुमचा प्रश्न असा आहे: "२००८ च्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल फायनलचा शेवट पाहिला. मेम्फिस ३ पॉइंटनी पुढे होतं, तर कोचनं फाउल का करायला लावला नाही? कोचमुळेच हरले ना?"

मी तेव्हा अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातच नोकरीला होतो. त्या रात्रीनंतर हाच प्रश्न ऑफिसात, न्हाव्याच्या खुर्चीत, किराणा दुकानाच्या रांगेत इतक्यांदा ऐकलाय की उत्तर द्यायला बसलो तर लांबणारच. आता साताऱ्यात संध्याकाळी शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजूही आता अंगावर आली आहे.

आधी सरळ उत्तर. फाउल करायचं ठरलं होतं, म्हणजे समोरच्यानं थ्री (लांबच्या रेषेबाहेरून ३ पॉइंटचा शॉट) मारायच्या आत त्याला नियम मोडून अडवायचं. कोच जॉन कॅलिपारी यांनी मॅचनंतर तेच सांगितलं: आम्ही फाउल करणार होतो, पण तो पुरेसा जोरात झाला नाही. म्हणजे निर्णय चुकला नव्हता, तो कोर्टवर उतरला नाही. तरीही माझ्या मते कॅलिपारी त्यातून सुटत नाहीत. फक्त लोक त्यांना ज्या कारणासाठी धरतात, ते कारण खरं नाही.

मेम्फिसला त्या हरण्याचा एवढा घोर का लागला, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १९७३ मध्ये हीच मेम्फिस युनिव्हर्सिटी, तेव्हाची मेम्फिस स्टेट, फायनलला पोचली होती. समोर यूसीएलए, लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी. त्यांच्या बिल वॉल्टननं २२ पैकी २१ शॉट टाकले, एकट्यानं ४४ पॉइंट केले आणि मॅच ८७-६६ अशी गेली. त्यानंतर ३५ वर्षं वाट बघून २००८ उजाडलं. डेरिक रोझ, ख्रिस डग्लस-रॉबर्ट्स, जोई डॉर्सी अशी टीम. फायनलपर्यंत ३८ विजय आणि एकच पराभव, तोही फेब्रुवारीत घरच्या कोर्टवर टेनेसीकडून ६६-६२ असा. अख्ख्या गावाची एकच काळजी होती, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा १ पॉइंटचा मोकळा शॉट). मोसमभरात टीमची टक्केवारी जेमतेम ६१ च्या आसपास. पत्रकार दर आठवड्याला विचारायचे आणि कॅलिपारींचं म्हणणं ठरलेलं असायचं, की गरज पडेल तेव्हा पोरं टाकतील. सेमीफायनलला यूसीएलएविरुद्ध खरंच २३ पैकी २० फ्री थ्रो पडले. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

७ एप्रिल, सोमवारची रात्र. फायनल सॅन अँटोनियोला, समोर कॅन्सस. आम्ही दहा-बारा जण एका मित्राच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. २ मिनिटं १२ सेकंद बाकी असताना स्कोअर ६०-५१. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवायला सुरुवातही केली होती.

मग कॅन्ससच्या आर्थरची बास्केट. लगेच शेरॉन कॉलिन्सनं आमचा रेषेबाहेरून आत फेकलेला पास चोरला आणि थ्री टाकला. डॉर्सी पाच फाउल होऊन बाहेर गेला. साधारण ७५ सेकंद उरले असताना डग्लस-रॉबर्ट्स फ्री थ्रोच्या लाइनवर आला. तो 'वन-अँड-वन' होता, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा मिळतो. पहिलाच हुकला. १६.८ सेकंद बाकी असताना तो पुन्हा लाइनवर आला, आणि दोन्ही हुकले. दुसऱ्याचा रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) आमच्याच डोझियरनं काढला, चेंडू रोझकडे, रोझवर फाउल. १०.८ सेकंद. पहिला रिमला लागून बाहेर, दुसरा आत. ६३-६०.

खालचा हॉर्न कधी थांबला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

कॉलिन्स चेंडू घेऊन पळत सुटला. रोझ त्याच्या अंगाला चिकटून. कॉलिन्सचा तोल गेला, पडता पडता त्यानं चेंडू मारिओ चाल्मर्सकडे सरकवला. चाल्मर्स थ्रीच्या रेषेबाहेरून उडाला, रोझ कॉलिन्सला सोडून त्याच्यावर झेपावला, पण उशीर झाला होता. चेंडू आत पडला तेव्हा २.१ सेकंद उरले होते. ६३-६३. जादा वेळेत पहिले सहाही पॉइंट कॅन्ससचे. शेवट ७५-६८.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. कॉफीच्या मशिनपाशी दोन तट पडले. एक तट म्हणायचा, कॅलिपारींनी घोळ घातला, ३ पॉइंटची आघाडी असताना थ्री टाकू देणं हा गुन्हा आहे. दुसरा म्हणायचा, कोच काय करणार, पोरांना फ्री थ्रो टाकता येत नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलवरचे एक वयस्क गृहस्थ १९७३ ची फायनल स्टेडियममध्ये बसून बघून आलेले. ते कुठल्याच तटात गेले नाहीत. दिवसभर हेडफोन लावून बसले होते, आणि त्या हेडफोनची पिन कशालाच जोडलेली नव्हती. मला ते अजून आठवतं.

आधी दुसऱ्या तटाचं बघू, कारण ते लवकर निकालात निघतं. लाइनवर चुकीचे खेळाडू गेले असते तर कोचला बोल लावता आला असता. पण डग्लस-रॉबर्ट्स आणि रोझ हे त्या टीममधले त्यातल्या त्यात भरवशाचे. दोघंही मोसमभर ७० टक्क्यांच्या आसपास. ७० टक्केवाला खेळाडू ओळीनं तीन हुकवण्याची शक्यता काढून बघा: ०.३ गुणिले ०.३ गुणिले ०.३. शंभरात तीनदाही नाही. ज्यांच्या हातात चेंडू असायला हवा, त्यांच्याच हातात तो होता. जे घडलं ते घडलं. त्याचं खापर त्या एका मिनिटातल्या कुठल्या निर्णयावर फोडता येत नाही.

आता पहिला तट, म्हणजे तुमचाच प्रश्न. ३ पॉइंटनी पुढे असताना फाउल केला तर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. बरोबरी करायला त्याला पहिला टाकावा लागतो, दुसरा मुद्दाम हुकवावा लागतो, त्याचा रिबाउंड काढावा लागतो आणि वर पुन्हा बास्केट करावी लागते. एवढं सगळं एका दमात जुळून येणं फार दुर्मीळ. म्हणून कागदावर फाउल करणंच शहाणपणाचं दिसतं. मात्र हा हिशेब शेवटच्या पाच-सहा सेकंदांना लागू आहे. १०.८ सेकंद असताना लगेच फाउल केलात तर समोरचा दोन्ही टाकतो, आघाडी एकवर येते, तो उलट तुमच्यावर फाउल करतो आणि तुम्ही पुन्हा लाइनवर उभे. म्हणजे ज्या टीमला लाइनवर जायची धास्ती वाटते, तिलाच तुम्ही परत लाइनवर पाठवता. त्या रात्रीच्या मेम्फिससाठी हा साधा हिशेब नव्हता. थांबायचं, चार-पाच सेकंद खाऊ द्यायचे, आणि समोरचा शॉटसाठी चेंडू उचलायच्या आत फाउल करायचा. एवढीशी फट असते ती.

त्या फटीत दोन खड्डे असतात. उशीर झाला आणि समोरचा शॉटच्या हालचालीत असला, तर तीन फ्री थ्रो. चेंडूकडे न जाता जर्सी ओढली किंवा मागून मिठी मारली, तर मुद्दाम केलेला फाउल: दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. आणि नुसता हात लागला, तर फायनलच्या शेवटच्या सेकंदांत रेफरी शिट्टी वाजवायला कचरतात. रोझच्या बाबतीत हेच झालं. अंग लागलं, शिट्टी आली नाही.

आता जी गोष्ट कॉफीच्या मशिनपाशी कुणीच काढली नाही, ती. २०१६ ची फायनल, व्हिलानोव्हा ७४-७१ नं पुढे, वेळ संपत आलेली. कोच जे राइट यांच्या टीमनं फाउल केला नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजनं हवेत अंग वळवून थ्री टाकला, बरोबरी, ४.७ सेकंद बाकी. फाउल इथेही झाला नाही, फळही तेच. फक्त त्या ४.७ सेकंदांत ख्रिस जेन्किन्सनं दुसऱ्या टोकाला थ्री टाकला आणि व्हिलानोव्हा चॅम्पियन झालं. राइट यांना "फाउल का नाही केला" असं आज कुणी विचारत नाही. आणि २०२२ ची फायनल: कॅन्सस ७२-६९ नं पुढे, ४.३ सेकंद बाकी, चेंडू नॉर्थ कॅरोलायनाकडे. फाउल नाही. केलेब लव्हचा थ्री हुकला. त्या दिवशी कॅन्ससचे कोच होते बिल सेल्फ, जे २००८ च्या रात्री कॅलिपारींच्या समोरच्या बाकावर बसले होते. म्हणजे ज्यांना "का नाही केला" हे वाक्य कधीच ऐकावं लागलं नाही, त्यांनीही फाउल केला नव्हता. चेंडू आत गेला की बाहेर, एवढ्यावरून आपण कोचची अक्कल मोजतो. हे मला तेव्हाही खटकायचं, आता तर जास्तच.

मग कॅलिपारींचं चुकलं कुठे? माझ्या मते त्या १०.८ सेकंदांत नाही, त्याच्या आधीच्या पाच महिन्यांत. ती टीम बहुतेक मॅच दणदणीत जिंकत आली होती. दोन मिनिटं उरेपर्यंत निकाल लागलेला असायचा. शेवटच्या दहा सेकंदांत कुणी काय करायचं, याची खरी परीक्षा त्यांच्या वाट्याला फारशी आलीच नाही. आणि जे मॅचमध्ये वाट्याला येत नाही ते प्रॅक्टिसमध्ये घासून घ्यावं लागतं. फाउल करा, असं सांगणं सोपं आहे. पण कुणी करायचा? चेंडूवाल्यासमोरच्यानं, की मदतीला येणाऱ्यानं? कोर्टच्या मधल्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे? घड्याळात किती असताना? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाचही जणांच्या अंगात भिनलेली नसतील, तर तो हुकूम फक्त कोचच्या तोंडातच राहतो. फ्री थ्रोचंही तसंच. "गरज पडेल तेव्हा टाकतील" हा पोरांवरचा विश्वास होता, मी तो खोटा म्हणत नाही. पण नोव्हेंबरपासून दिसणारं भोक विश्वासानं बुजत नाही.

हे मी एवढ्या खात्रीनं लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी हीच चूक माझ्या हातून झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच, आम्ही ३ नं पुढे, आठ सेकंद बाकी. मी टाइमआउट घेतला आणि छातीठोकपणे म्हणालो, "फाउल करा, थ्री टाकू देऊ नका." मुलांनी माना डोलावल्या. खेळ सुरू झाला आणि तीन मुलं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी सगळ्यात मागचा मुलगा घाबरून धावला आणि त्यानं समोरच्याची जर्सी पाठीमागून धरली. अनस्पोर्ट्समनलाइक फाउल. दोन फ्री थ्रो पडले, वर चेंडूही त्यांचा, आणि त्यावर बास्केट. एका पॉइंटनं गेलो. तो मुलगा बाकावर येऊन मला म्हणाला, "सर, मला वाटलं ओंकार करेल." चूक त्याची नव्हती. फाउल कुणी करायचा, हे टाइमआउटमध्ये मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं आम्ही एवढंच करतो. घड्याळ दहावर. चेंडूवाल्याच्या समोर जो असेल तोच फाउल करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी "पाच" ओरडलो की करायचा, आधी नाही. आणि चेंडू ड्रिबलमध्ये हाताकडून जमिनीकडे जात असताना, वरून थेट चेंडूवरच हात घालायचा. चेंडू खाली जात असताना समोरचा शॉटच्या हालचालीत असूच शकत नाही, आणि हात चेंडूवर असला की रेफरीला जर्सी ओढल्याचं कारण मिळत नाही. पहिल्या महिन्यात दहापैकी सहा-सात वेळा वेळ चुकायची. अजूनही दोन-तीनदा चुकतेच. आणि ही मुलं रिकाम्या मैदानावर आहेत, समोर हजारो माणसं नाहीत, कॉलिन्ससारखा वारा तर नाहीच.

कॅलिपारींचं पुढे काय झालं, हे तुम्हाला माहीत असेलच. २००९ मध्ये ते केंटकीला गेले. त्याच वर्षी रोझच्या प्रवेश परीक्षेच्या वादामुळे एनसीएएनं (कॉलेज खेळांच्या अमेरिकन नियामक संस्थेनं) मेम्फिसचा तो अख्खा मोसम रेकॉर्डमधून पुसून टाकला. २०१२ च्या फायनलमध्ये केंटकीनं ६७-५९ नं बाजी मारली. समोर कॅन्सस आणि बिल सेल्फच. त्या रात्री मेम्फिसच्या जुन्या मित्रांना मी फोन केला, तर एकानं उचललाच नाही.

तो व्हिडिओ पुन्हा बघाल तेव्हा १०.८ वर थांबवा, आवाज बंद करा आणि तिथून हळू पुढे सरकवा. कॉलिन्स मधली रेषा ओलांडतो तिथे त्याला सोडा आणि मेम्फिसच्या पाचही जणांकडे एकेक करून बघा: कोण कुणाकडे सरकतंय, कुणाचे हात वर आहेत, कुणाचे खाली. मग मला इथेच कळवा. फाउल कुणी करायचा होता, हे त्या पाचांपैकी किती जणांना ठाऊक होतं असं तुम्हाला वाटतं?